मादी निघाली तर

बायको गेली त्याच वर्षी तिच्या झाडाला शंकू आला.

स्वयंपाकघरामागचं हे सायकॅड तिने बी पेरून वाढवलेलं. दिसायला ठेंगण्या ताडासारखं, पण ताड नव्हे. या जातीची रानातली झाडं चोरांनी हौशी लोकांना विकण्यासाठी मुळासकट उपटून नेली. वाचलेली वनस्पती उद्यानात आहेत, आणि ती सगळी नर. शंकू, म्हणजे या झाडाचं फूलच म्हणा, मोठा होईपर्यंत झाड नर की मादी ते कळत नाही.

मेहुणी त्याच उद्यानात कामाला. ती येऊन वाकून बघून गेली.

"भावोजी, लांब, सडपातळ झाला तर नर. तुमच्यासारखा बुटका, जाडा झाला तर मादी."

"आणि मादी निघाली तर?"

"उद्यानात न्यावी लागेल. तुमच्या कुंपणाला मांजरसुद्धा भीक घालत नाही, चोर काय घालणार!"

ती गेल्यापासून माझं बूड एका जागी टिकेना. चहा ठेवायचा आणि तो उकळत सोडून मागे जायचं. फाटक वाजलं की धावायचं. मनात एकच, नर निघू दे. बायकोच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

शंकू जाडच होत गेला. मेहुणीचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं, "लांब होतोय. नरच आहे."

"अरेरे," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग तर चैनच पडेना. शंकूवर गोणपाट टाकलं, काढलं, पुन्हा टाकलं. एका सकाळी खवल्यांमध्ये फटी दिसल्या. त्या थोडेच दिवस उघड्या राहतात, तेवढ्यात पराग आत गेले नाहीत तर बी धरत नाही, असं बायको सांगायची. पुढचा शंकू कधी येईल, कोण जाणे. मी फोन लावला.

"नराचे पराग घेऊन ये. लगेच."

"तुम्ही तर म्हणालात..."

"खोटं बोललो."

"कमाल आहे! ताईने ऐकलं असतं तर तुम्हालाच उपटून फेकलं असतं."

ती पराग आणि पिचकारी घेऊन आली. माझ्याकडे बघितलंही नाही. मी काटेरी पानं मागे ओढून धरली, ती फटीफटीत पिवळी पूड फवारत राहिली.

"बी पिकेपर्यंत हलवणार नाही. तोवर पहारा बसवू."

"आणि नंतर?"

"नंतर नेणार."

काटे मनगटात रुतत होते. "बी धरेल ना?" मी विचारलं.

"पान सोडू नका, भावोजी. अजून पलीकडची बाजू राहिली आहे."