अनवाण्याचं घर

कंबर गेली माझी. मी लेवी, देवळाच्या सेवेतल्या कुळातला. पण सेवा राहिली बाजूला, तीस वर्षं गिलादच्या या वेशीत बसून गाद वंशातल्या लढवय्यांची नावं चामड्यावर लिहितोय. अम्मोनी चालून आले की पुन्हा यादी. अमक्याचा मुलगा तमका, वय वीस, ढाल-भाला पेलतो. गेल्या यादीतले निम्मे गेले, आता त्यांचे धाकटे भाऊ.

सकाळी एकजण म्हणाला, "बुवा, आमच्या आजोबांनी नुसत्या हातांनी सिंह मारला होता, तेवढं लिहा की."

"अरे, सगळ्यांच्याच आजोबांनी मारले. एवढे सिंह होते तरी कुठे या डोंगरात? चल, पुढे हो!"

मग हेलेम आला. साठीचा, उजव्या पायानं लंगडा. एकेकाळी यरदेन नदीचा उतार त्यानं एकट्यानं अर्धा दिवस अडवून धरला होता. त्याच्याबरोबर इम्री होता, वीस पुरी झालेला, आणि मागे इम्रीची आई हगला. मला सगळं ठाऊक होतं. हेलेमचा थोरला भाऊ शूआल लग्नानंतर चारच महिन्यांत लढाईत पडला. रीतीप्रमाणे हेलेमनं वहिनीला घरात घेतलं, आणि तिला झालेला पहिला मुलगा मेलेल्या भावाच्या नावावर गेला. इम्री हेलेमच्याच रक्ताचा, पण जन्मभर त्याला काकाच म्हणत आला.

मी न विचारताच लिहायला घेतलं, "इम्री, शूआलचा मुलगा..."

"थांबा बुवा. हेलेमचा मुलगा म्हणून लिहा."

मी वैतागलो. "म्हातारपणी हाव सुटली का रे? मेलेल्या भावाच्या नावावर डोळा?"

त्यानं बाजूला बसलेल्या सरदाराकडे बोट केलं. सरदार उज्जी उठून उभा राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उज्जीचा नियम होता, ज्या घरातली दोन पोरं पडली त्या घरातलं तिसरं पोर आघाडीवर न्यायचं नाही, ते छावणीत सामान राखेल. हेलेमची पहिल्या बायकोपासूनची दोन्ही मोठी पोरं मागच्या उन्हाळ्यात एकाच दिवशी पडली होती. शूआलच्या घराचं मात्र एकही पोर गेलं नव्हतं, त्या घराला होताच हा एकुलता एक. त्या नावावर इम्री परवा आघाडीवर उभा राहणार होता.

वेशीतले पंच कुजबुजले. त्यांच्यातला वडीलधारा बेकेर म्हणाला, "हेलेम, भावाचा मुलगा स्वतःकडे ठेवणं म्हणजे भावाचं घर उभारायला नकार देणं. त्याची रीत तुला माहीत आहे. बाई तुझी वहाण काढेल, तोंडावर थुंकेल. मग तुझ्या घराला काय म्हणतील?"

"अनवाण्याचं घर. माहीत आहे."

"पिढ्यान्‌पिढ्या म्हणतील!"

"म्हणू देत. म्हणायला माणूस तर उरेल."

इम्री लालबुंद झाला. "काका, मी काय भित्रा आहे? लोक तोंडात शेण घालतील! आणि माझ्या बापाचं नाव पुसणार तुम्ही?"

"तू गप रे," हेलेम म्हणाला. तो हगलाकडे वळला. इतक्या वर्षांत तिला त्यानं दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती. "वहिनी, तुमच्या हातात आहे. तुम्ही नाही म्हणालात तर शूआलचं नाव राहील."

हगलानं माझ्या हातातल्या चामड्याकडे पाहिलं. चार महिन्यांचा नवरा, त्याची कबरसुद्धा नाही, नदीनं नेलेला. एवढी एक ओळ होती त्याची. मला वाटलं, ही नाही म्हणेल. खरं सांगतो, तिनं नाही म्हणावं असंही वाटलं. शूआल माझ्या ओळखीचा होता. गोड गळ्याचा पोरगा.

ती खाली बसली. हेलेमच्या लंगड्या पायातल्या वहाणेचा बंद सोडू लागली. गाठ सुटता सुटेना. वहाण निघाली. ती उभी राहिली, पण तिच्या तोंडाला कोरड पडली होती. सगळी वेस बघत होती.

"थुंका वहिनी," हेलेम हळूच म्हणाला. "लवकर. नाहीतर माझा धीर सुटेल."

ती थुंकली. मग पदर तोंडात कोंबून भिंतीशी जाऊन बसली. इम्री कोणाकडेही न बघता वेशीबाहेर निघून गेला. उज्जीनं मला खूण केली. मी लिहिलं.

हेलेमला वाचता येत नाही. तो पुढे वाकला. "काय लिहिलंत?"

"इम्री, हेलेमचा मुलगा, अनवाण्याच्या घरचा. सामानाच्या पहाऱ्यावर."

"आणि शूआल?"

"शूआलची ओळ नाही आता. त्याला मूल नव्हतं."

तो मान हलवत राहिला. मग त्यानं गालावरची थुंकी पुसली आणि ओला हात कितीतरी वेळ तसाच बघत उभा राहिला. मागची रांग खोळंबली होती, पण कोणी ओरडलं नाही.