ॲबरनेथींची पायरी

बुधवार म्हटला की साडेअकराला डिम्फना मॅकॉली कॅथलिक चॅपलमागच्या खोलीत किटली चढवायची, चार कप मांडायची आणि रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. कप सगळ्यांसाठी असत. पडदा मात्र एकट्या आयव्ही ॲबरनेथीसाठी.

दोन वर्षांपूर्वी फादर ओहेअरनी हे काम तिच्या गळ्यात घातलं होतं. "जे नव्यानं कॅथलिक होताहेत आणि जे रुसून गेलेले परत येताहेत, त्यांना नुसता उपदेश पुरत नाही गं. त्यांना आपलं माणूस लागतं," असं ते म्हणाले होते. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेल्या डिम्फनाला माणसांना खाऊपिऊ घालणं जमत होतं. तिनं हो म्हटलं. ईस्टरला प्रॉटेस्टंट घरातली आयव्ही कॅथलिक चर्चमध्ये घेतली जाईल तेव्हा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहणारी धर्ममाताही डिम्फनाच होणार होती.

आमच्या किलकेरन गावात माणसाला धर्म विचारावा लागत नाही. पाव कुठल्या दुकानातून घेतो, एवढं पाहिलं की कळतं. दोन्हीकडची माणसं हवापाण्याच्या गप्पा गोडीनं मारतात आणि गाय अडली की एकमेकांकडे धावतात. शेजारचा कॅथलिक गेला तर प्रॉटेस्टंट पुरुष काळे कोट घालून येतातही. फक्त आतली मिस्सा, म्हणजे उपासना, संपेपर्यंत चॅपलच्या फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहतात. पण इकडचा कुणी तिकडे गेला, की त्याला वाळीत टाकण्यात दोन्ही बाजू सख्ख्या बहिणी आहेत.

आयव्हीची आत्या मार्था तरुणपणी कॅथलिकाशी लग्न करून 'उलटली', तेव्हा ॲबरनेथींनी तिचे कपडे मागच्या अंगणात जाळले होते. ती गेल्याचा निरोप आला तर आयव्हीच्या वडिलांनी विचारलं, "कोण मार्था?" आणि हे फक्त त्यांच्याकडेच होतं असं समजू नये. बुधवारी येणाऱ्या युजीन टोनरनं प्रॉटेस्टंट मुलीशी सरकारी कचेरीत लग्न केलं, म्हणून त्याच्या आईनं, रोज जपमाळ ओढणाऱ्या बाईनं, सव्वीस वर्षं त्याचं ताट मांडलं नव्हतं. बायको वारली तेव्हा तो एकटाच परत आला.

त्या दिवशी राखेचा बुधवार होता, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस; या दिवशी फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस ओढतात. उपवास म्हणून चहा बिनदुधाचा. खोलीत युजीन होता, लेकराला कडेवर घेऊन येणारी क्लोडा होती आणि हातमोजे न काढता बसलेली आयव्ही.

"डॉक्टरांकडे पायाला पट्टी बांधायला जाते असं सांगून आलेय," आयव्ही म्हणाली. "या उपवासकाळात माझ्या पायाचं काही खरं नाही बघ."

"दर बुधवारी पाय. मर्विनला वाटेल, बहिणीचा पाय आता कापायचाच राहिलाय," युजीन म्हणाला. आयव्ही हसली, पण तिनं खिडकीकडे पाहिलंच.

आयव्ही बावन्न वर्षांची, बिनलग्नाची. भाऊ मर्विन शेत बघायचा. आई दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली होती आणि तिचं खाणं-पिणं, धुणं-पुसणं, कूस बदलणं, सगळं आयव्हीच्या हातात होतं. मर्विननं एकदा जेवताना सांगून ठेवलं होतं, "या घरात जो उलटेल तो दाराबाहेर. आईच्या अंथरुणाजवळही नाही आणि शवपेटीजवळही नाही." कुणाला उद्देशून बोलला नव्हता, पण आयव्हीच्या हातातला चमचा तिथंच थांबला होता. ईस्टरपर्यंत आई सुखानं जाईल नाहीतर धीर तरी येईल, अशा दोन्ही बाजूंनी वाईट वाटणाऱ्या आशेवर ती दिवस काढत होती.

म्हणून राखेचीही सोय केली होती. आयव्हीला कपाळावर राख लावायची नाही, टाळूवर केसांत टाकायची, असं फादर ओहेअरनी कबूल केलं होतं. पण फादर ओहेअर तापानं पडले आणि शेजारच्या गावाहून म्हातारे फादर डिवाइन आले. त्यांना आधी सांगून ठेवण्याचं काम डिम्फनाचं. ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलीही. फादर डिवाइन करड्या आवाजात मेणबत्त्या लावणाऱ्यावर खेकसत होते. 'ख्रिस्ताची लाज वाटते का तिला?' असं ते सगळ्यांसमोर विचारतील या धास्तीनं डिम्फना तशीच मागे फिरली. म्हाताऱ्याला दिसतंय कमी, गर्दीत राख नीट लागणारही नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली.

फादर डिवाइनना दिसत कमी होतं म्हणूनच त्यांनी अंगठा भरपूर बुडवला होता. दीडच्या मिस्सेत रांगेत पाळी आली तशी आयव्हीनं डोकं पुढं वाकवलं. त्यांनी तिची हनुवटी वर उचलली आणि भुवईपासून केसांपर्यंत काळा कुळकुळीत क्रूस ओढला.

बाहेर पडताना फाटकाशी पोस्टातल्या मिसेस गिल्मोर पत्रांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आयव्हीच्या कपाळाकडे पाहिलं आणि मान वळवली. त्यांचा नवरा मर्विनच्याच लॉजमधला, म्हणजे कट्टर प्रॉटेस्टंट पुरुषांच्या मंडळातला होता.

मागच्या खोलीत परत आल्यावर क्लोडानं रुमाल ओला केला, डिम्फनानं आयव्हीचं कपाळ घासलं. तेलकट राख जाता जाईना. काळ्याचं करडं झालं, करड्याचं लाल झालं.

"माझं चुकलं, आयव्ही. मी त्यांना सांगितलंच नाही. घाबरले गं मी," डिम्फना म्हणाली.

"आता मर्विनला कळलं असेल. फोन केला असेल गिल्मोरबाईनं," आयव्ही म्हणाली. तिला रागवायलाही सवड नव्हती. "डिम्फना, माझ्याबरोबर येतेस? नुसती आमच्या दारापर्यंत? तू असलीस तर तो हात तरी उचलायचा नाही."

ॲबरनेथींच्या वाटेनं तिच्या माणसांपैकी कुणी वर गेल्याचं तिला आठवत नव्हतं. त्या वाटेवर तीन घरं होती आणि तिन्ही घरांतले पुरुष रात्री राखीव पोलिसांचा गणवेश चढवून रस्त्यावर गाड्या अडवायचे. शरद ऋतूत डोंगराकडच्या रस्त्यावर तिच्या चुलतभावाच्या मुलाला कुणीतरी इतकं मारलं होतं की त्याचा एक डोळा गेला. कुणी मारलं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोललं नव्हतं.

"फ्रँकचं जेवण व्हायचंय अजून," तिनं नवऱ्याचं निमित्त काढलं. "तू हो पुढे. मी लगेच फोन करते. आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतो."

आयव्हीनं मान हलवली. हातमोजे घालायचे म्हणून हात पुढं केले, तर ते हातातच होते. ती गेली.

युजीननं कप खाली ठेवला. "फ्रँक उपवासाच्या दिवशी संध्याकाळी एकदाच जेवतो. मला माहितीय."

"तू गप्प बस, युजीन."

"सव्वीस वर्षं गप्पच होतो. माझी बायको मरत होती ना, तेव्हा आपल्याच माणसांनी निरोप पाठवला, 'प्रार्थना करतो.' पायरी चढून कुणी आलं नाही. तू मला इथं बसवून चहा पाजलास, तुझे उपकार आहेत. पण बाई, आपल्या खोलीत आलेल्याला चहा पाजायला धैर्य लागत नाही."

डिम्फनाला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, कारण तो खरं बोलला होता. "गाडी काढतो," तो म्हणाला, पण पुरुषाची गाडी त्या वाटेवर दिसली तर आगीत तेल पडेल, हे तिला कळत होतं. तिनं कोट चढवला आणि चालत निघाली.

ती वाट जेमतेम अर्धा मैल. दोन्हीकडे उघडी काटेरी झुडपं, खाली चिखल. पहिल्या घराचं कुत्रं भुंकलं, पडदा हलला. दुसऱ्या घरापाशी तिनं कुंपणाला धरलं. स्वतःच्या कपाळावरची राख तिला तापल्यासारखी वाटत होती. तिनं डोक्याचा रुमाल भुवयांपर्यंत ओढला. मग स्वतःचीच लाज वाटून तो वर केला आणि चार पावलांवर पुन्हा खाली ओढला. असं करतच ती पोचली.

अंगणात आयव्ही उभी होती. तिच्या पायाशी एक तपकिरी बॅग, आणि बॅगेच्या बंद झाकणातून तिच्या निळ्या स्वेटरची बाही बाहेर लोंबत होती. दारात मर्विन. गोठ्यापाशी ट्रॅक्टरला टेकून लॉजमधले दोघे उभे होते. त्यांच्यातला एक गिल्मोर.

"मिसेस मॅकॉली," मर्विन म्हणाला, "तुमचं इथं काय काम?"

"आयव्हीला... सोडायला आले," डिम्फना कशीबशी म्हणाली.

गिल्मोर हसला. "सोडायला? आम्हाला वाटलं, न्यायला आलात."

मर्विन बहिणीकडे वळला. "शेवटचं सांगतो. ज्या देवळात तुझं नाव ठेवलं तिथं रविवारी मंडळीसमोर उभी राहा आणि म्हण, माझी चूक झाली. मग मी काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. आईजवळ जा."

आयव्हीनं डिम्फनाकडे पाहिलं. आणि इथं खरं सांगायला हवं : डिम्फनाच्या जिभेवर 'म्हणून टाक बाई' हेच शब्द आले होते. तिला फक्त त्या अंगणातून बाहेर पडायचं होतं.

"मी चूक झाली असं म्हणणार नाही, मर्विन," आयव्ही म्हणाली. "आणि जाणारही नाही. तीनला आईची गोळी असते. तिची कूस बदलायची आहे. मला आत जाऊ दे."

"आयव्ही?" आतून म्हातारीचा जड, ओढलेला आवाज आला. "आयव्ही आली का? कोण आहे दारात?"

मर्विननं गोठ्याकडे एकदा पाहिलं. "कुणी नाही, आई," तो म्हणाला.

डिम्फनाला मार्था ॲबरनेथी कधी दिसली नव्हती, पण त्या क्षणी ती तिला आठवली. आपण आता गप्प राहिलो तर हीही 'कोण आयव्ही?' होणार, एवढंच तिला कळलं, आणि घाबरलेल्या माणसाचा फुटतो तसा तिचा आवाज फुटला.

"आयव्ही आहे, मिसेस ॲबरनेथी! तुमची आयव्ही दारात उभी आहे! आणि मी डिम्फना मॅकॉली, तिच्याबरोबर आलेय!"

मर्विननं धाडकन दार लावलं.

गोठ्यापाशी कुणी हललं नाही. आता पाठीवर काय येऊन पडतं याची वाट बघत डिम्फना उभी राहिली. मग आयव्ही पुढं झाली आणि बंद दारासमोरच्या दगडी पायरीवर बसली. डिम्फनाही शेजारी बसली.

आत म्हातारी हाका मारत होती. मर्विनचं दबकं बोलणं ऐकू येत होतं. काहीतरी पडून फुटलं. मग म्हातारी रडायला लागली. "तू नको रे! अंथरूण ओलं झालंय माझं. तू मुलगा आहेस माझा, तू नको. आयव्हीला बोलाव." मर्विन काय म्हणाला ते कळलं नाही. पुन्हा तेच रडणं, पुन्हा तीच हाक. आयव्हीनं दोन्ही हातमोजे तोंडावर धरले. गिल्मोर आपल्या बुटांकडे बघत राहिला.

अर्धा तास गेला. धार काढायची वेळ झाली तशी गोठ्याजवळची माणसं पाय ओढत निघाली. जाताना गिल्मोर पायरीपाशी थांबला, डिम्फनाच्या कपाळाकडे बघून म्हणाला, "तुमचं घर कुठलं ते आम्हाला माहितीय, मिसेस मॅकॉली." आणि वाटेला लागला.

त्यांची गाडी खालच्या वळणापलीकडे गेल्यावर दार उघडलं. मर्विनच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या, हातात ओली चादर होती आणि पन्नाशीचा तो दांडगा माणूस रडून लाल झाला होता. तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "ती मला हात लावू देत नाही."

आयव्ही उठली आणि त्याच्या बाजूनं आत गेली. तिला त्यानं अडवलं नाही.

डिम्फना उभी राहिली तेव्हा मात्र त्यानं हात आडवा केला. "तुम्ही नाही. आणि हे आजच्यापुरतं. आईसाठी. उद्या ते परत येतील, मग मला..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. हा माणूसही भीतीनं अर्धा झालाय, हे डिम्फनाला तेव्हा दिसलं. त्याला वाळीत टाकणारे त्याच्याच लॉजमध्ये बसले होते.

"उद्या किती वाजता येतील?" तिनं विचारलं.

"आजच्यासारखेच. तीनच्या सुमाराला."

"मग मी अडीचला येते," डिम्फना म्हणाली. "आत येणार नाही. इथंच बसेन."

खाली उतरताना ती दोनदा रस्त्याकडेला थांबून ओकली. वाटेच्या तोंडाशी युजीन गाडीत बसून होता. दार उघडून देत त्यानं विचारलं, "झालं का सगळं ठीक?"

"काही ठीक झालेलं नाही," ती म्हणाली. "उद्या अडीचला मी जातेय. परवा तू. शनिवारी क्लोडा, लेकराला घेऊन."

"आणि त्यांनी काही केलं तर?"

"तर करतील," डिम्फना म्हणाली, आणि आत बसून तिनं गाडीचं दार ओढून घेतलं.

नव्यानं आलेल्याला, परत आलेल्याला खुर्ची द्यायला आपल्याकडे पुष्कळ हात पुढं येतात. वाचकहो, त्याच्यासाठी वाळीत पडायची वेळ आली, तर त्याच्या घरच्या पायरीवर जाऊन बसणारे आपल्यात किती निघतील? दुसऱ्या दिवशी फ्रँकनं वाट अडवून बायकोला विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" कोटाची बटणं लावायचा प्रयत्न करत ती म्हणाली, "वाटते ना. हात कसे कापताहेत बघ. एवढं वरचं बटण तू लाव."

त्यानं ते लावलं. मग तिथंच जरासा उभा राहिला, आणि खुंटीवरचा आपलाही कोट काढला.