अडीच ते साडेतीन

सोमवार उजाडला की आचारीबुवांच्या अंगात उत्साह संचारायचा. दाढी गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री, बुटांना पॉलिश. लग्नाला निघालेत की काय, असं बघणाऱ्याला वाटावं. निघालेले असायचे दवाखान्यात, आणि तेही स्वतःसाठी नव्हे, बायकोच्या बोटातून रक्ताचा थेंब काढायचा म्हणून.

बायकोच्या हृदयातली एक झडप कामातून गेली होती. डॉक्टरांनी ती काढून तिथे कृत्रिम झडप बसवली आणि तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागली. ही गोळी भारी नखरेल. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून दर सोमवारी रक्त तपासायचं. आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये आला तर ठीक, इकडेतिकडे सरकला तर गोळी कमी-जास्त करायची.

बुवा दवाखान्यात पिशवी धरणार, पाण्याची बाटली पुढे करणार, मोठ्या सिस्टर सांगतील ते मान डोलवत ऐकणार आणि घरी येऊन गोळीचे तुकडे स्वतःच्या हाताने करून बायकोच्या तळहातावर ठेवणार. "पेशंटपेक्षा पेशंटचा नवराच हुशार आहे," असं सिस्टर एकदा सहज बोलून गेल्या होत्या. बुवांनी ते वाक्य शेजारीपाजारी इतक्यांदा ऐकवलं की लोक त्यांना बघून रस्ता बदलायला लागले. पण त्यांचंही बरोबर होतं हो. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चारशे माणसांचा स्वयंपाक केलेला माणूस निवृत्त होऊन दोन माणसांच्या घरात बसला होता. सोमवार नसता तर त्याने करायचं तरी काय?

बाईंचं मात्र सोमवार आला की डोकं उठायचं. बाईंचं चष्म्याचं दुकान होतं, स्वतःचं. काच घासण्यापासून दांडी बसवण्यापर्यंत सगळं त्याच करायच्या. सोमवारी अर्धा दिवस दुकान बंद, आणि गिऱ्हाईक कुलूप बघून समोरच्या दुकानात. त्यामुळे आता घरच्या घरी तपासायचं छोटं मशीन मिळणार, दवाखान्यात त्याचं शिक्षण देणार, असं कळलं तेव्हा बाईंनी सगळ्यांत आधी नाव दिलं. नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. इथूनच बुवांच्या पोटात दुखायला लागलं.

शिक्षणाला बुवा बरोबर गेलेच. तिथे होता एक पोहण्याचा मास्तर. त्याचीही झडप बदललेली. साठी उलटली होती, पण खांदे असे की दारातून आत यायचं तर गड्याने तिरकं व्हावं. आणि डोक्यावर केस. सगळेच्या सगळे! बुवांचा हात आपोआप आपल्या टकलावर गेला.

"जोड्या करा आणि एकमेकांच्या बोटावर टोचून बघा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

बुवांनी तत्परतेने तर्जनी पुढे केली. "मी आहे ना. माझं घ्या बोट."

"काका, तुम्ही पेशंट नाही. तुम्ही मागे बसा."

मागे बसा! ज्या सिस्टरने हुशार म्हटलं त्याच सिस्टरने! बुवा मागच्या खुर्चीत जाऊन बसले आणि तिथून त्यांना दिसलं की आपली बायको परक्या माणसाचं बोट हातात धरून ते हलकेच दाबतेय. मास्तर म्हणाला, "बाई, काय हलका हात आहे तुमचा! टोचलेलं कळलंसुद्धा नाही." बाई लाजल्या नाहीत, काही नाही, नुसतं हसल्या. बुवांच्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी खटका उडाला तो मात्र बाईंचा आणि सिस्टरचा. सिस्टरचं म्हणणं असं, की तपासा घरी, पण आकडा आम्हाला फोनवर कळवा, गोळी किती घ्यायची ते आम्ही सांगू.

"जो तक्ता बघून तुम्ही सांगणार तो तर आत्ताच आम्हाला शिकवलात," बाई म्हणाल्या. "मग मध्ये तुमचा फोन कशाला?"

"कारण चूक झाली तर ती औषधाची चूक असेल, काकू. चष्म्याचा नंबर नव्हे."

"चुकीच्या नंबरानेही माणूस जिन्यावरून पडतो, सिस्टर. शरीर माझं आहे. लक्ष मीच जास्त देईन."

सिस्टरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वाद डॉक्टरांपर्यंत गेला आणि डॉक्टरांनी तोड काढली. दोन महिने बाईंनी स्वतः तपासावं, गोळीही स्वतः ठरवावी. आकडा जागेवर राहिला तर मशीन कायमचं बाईंचं. भरकटला तर मशीन परत आणि पुन्हा सोमवारची वारी.

"मला विचाराल तर सिस्टरचंच बरोबर आहे," बुवा मागच्या खुर्चीतून म्हणाले.

बाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं."

झालं. मशीन घरी आलं आणि जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसलं. बायकांना सवत असते, पण नवऱ्याच्या उरावर असं काही येऊन बसलं तर त्याला काय म्हणायचं, हे बुवांना सुचेना. बाई स्वतः टोचायच्या, स्वतः पट्टीवर थेंब सोडायच्या, स्वतः गोळीचा तुकडा करायच्या. बुवा मदतीला सरसावले तर म्हणायच्या, "अहो, होईल माझं." प्रेमानेच म्हणायच्या, तेच तर जास्त लागायचं.

त्यात रविवारी मास्तरचा फोन.

"दोन पॉइंट नऊ," बाई सांगायच्या. "तुमचा? तीन? वा!" आणि मग खळखळून हसायच्या.

बुवा स्वयंपाकघरात कढईत उलथनं फिरवत उभे. तीन! त्या तीनमध्ये इतकं हसण्यासारखं काय होतं? आपण एवढे विनोद सांगतो, तेव्हा ही म्हणते, हा आधी सांगितला होतात. आणि तो नुसता 'तीन' म्हणाला की हिला हसू आवरत नाही. जळफळाट व्हायचा नुसता. बाईंना जाऊन विचारावं, मला का गं नाही सांगत आकडा? पण विचारायला तोंड कुठे होतं? आपणच सिस्टरची बाजू घेऊन बसलेलो.

शिक्षणाच्या वेळी सिस्टरने एक गोष्ट बजावून सांगितली होती. हिरव्या पालेभाज्या या गोळीच्या उलट काम करतात. खा, पण रोज तेवढ्याच खा. एकदम वाढवल्या तर आकडा खाली घसरतो. बुवा मागे बसले होते खरे, पण कान त्यांचे पुढेच होते.

पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःची समजूत घातली की पालेभाजी तब्येतीला चांगली. सूपमध्ये दोन मुठी जास्त घातली. दुसऱ्या दिवशी चार घातल्या आणि त्या दिवशी समजूतबिमजूत घालायच्या भानगडीत ते पडले नाहीत. कॅन्टीनमध्ये भाजी बघून नाक मुरडणाऱ्यांना ती कशी खाऊ घालायची, हे बुवांइतकं कुणाला ठाऊक असणार? पाला वाटून घ्यायचा, कांदा काळपट होईपर्यंत परतायचा, वर टोमॅटो ओतायचा. हिरव्याचा मागमूस राहत नाही. रश्शात घातली, कणकेत मळली, चटणीत दडवली.

"आज सूप काय झालंय हो!" बाई म्हणाल्या. "अजून वाढा."

बुवांनी वाढलं.

आकडा घसरला. आधी दोन पॉइंट सहा, मग दोन पॉइंट दोन. बाईंच्या कपाळावर आठी पडली आणि खोटं कशाला बोला, बुवांना आनंद झाला. रविवारी मास्तरचा फोन आला तेव्हा बाई हसल्या नाहीत. तेव्हा तर फारच आनंद झाला. एका बारक्या आकड्याने एवढं सुख दिलेलं बुवांना आठवत नव्हतं.

पुढच्या खेपेला मशीनने एक पॉइंट सात दाखवलं. बाईंनी सरळ दवाखान्यात फोन लावला आणि मोबाइलचा स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला.

"मी गोळी वाढवतेय," बाई म्हणाल्या.

"थांबा काकू," पलीकडून सिस्टर. "आधी आकडा का पडला ते शोधू. तुम्ही आज इकडे या. तोवर गोळी आहे तेवढीच घ्या."

"तोवर गुठळी धरली म्हणजे?"

"तीच भीती आहे. दोनच्या खाली म्हणजे झडपेवर गुठळी धरू शकते, आणि ती सुटली तर सरळ मेंदूत. म्हणूनच सांगते, या इकडे."

"तुम्हीच म्हणता भीती आहे आणि तुम्हीच थांबा म्हणता. तक्त्यात वाढवा असं लिहिलंय. मी वाढवतेय."

बाईंनी फोन बंद केला. तक्ता खरा होता, सिस्टरही खरी होती. आकडा का पडला, हे ठाऊक असलेला माणूस मात्र हातात पातेलं धरून दोन पावलांवर उभा होता, आणि मूग गिळून गप्प होता. मेंदू हा शब्द ऐकल्यापासून त्याची पाचावर धारण बसली होती.

त्याच संध्याकाळी बुवांनी उरलेला सगळा पाला कचऱ्यात टाकला. वाटलेला, निवडलेला, सगळा. बस्स, संपलं म्हणाले. आता आकडा आपोआप जागेवर येईल, कुणाला काही कळणार नाही, आणि पुन्हा असलं कधी करणार नाही. चारशे माणसांच्या मिठाचा अंदाज अचूक असणाऱ्या या गृहस्थाला एवढं सुचलं नाही, की इकडून पाला काढला आणि तिकडून गोळी वाढली, तर आकडा जागेवर थांबेल कशाला?

तो थांबला नाही. पुढची तपासणी यायच्या आतच, बाई दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवून बघत होत्या आणि त्यांच्या स्वतःच्या नाकातून रक्ताची धार लागली. काच पुसायचं फडकं भिजलं, दुसरं भिजलं, रक्त थांबेना. शेजारच्या दुकानदाराने बुवांना फोन केला. बुवा पायात चपला घालायचेही विसरले. टॅक्सीत बायकोचं डोकं पुढे झुकवून नाक दाबून धरलं, तर रक्त त्यांच्या बोटांमधून मनगटापर्यंत ओघळत राहिलं.

दवाखान्यात आकडा निघाला सात. औषध दिलं, नाकात बोळा घातला. बऱ्याच वेळाने रक्त थांबलं. मग मोठ्या सिस्टर समोर येऊन बसल्या. रागावलेल्या नव्हत्या, त्यामुळे बुवांना जास्तच भीती वाटली.

"गोळी दोनदा घेतली गेली का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"दुसरं काही औषध? डोकेदुखीवरचं वगैरे?"

"नाही."

"जेवणात काही बदल? पालेभाजी कमी-जास्त?"

"जेवणाचं काही विचारूच नका," बाई म्हणाल्या. नाकात बोळा असल्याने आवाज घोगरा येत होता. "ते हे बघतात. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर मी शंका घेईन, सिस्टर, पण यांच्या हातचं मी डोळे मिटून खाते."

सिस्टरने मान हलवली. "मग एकच कारण उरतं, काकू. तुम्ही घाई केलीत. मी थांबा म्हणाले होते."

बाईंनी वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदा बुवांनी त्यांना वाद न घालता खाली बघताना पाहिलं. हल्ली पिशवीत बरोबरच असायचं ते मशीन बाईंनी काढलं आणि टेबलावरून सिस्टरकडे सरकवलं.

"माझंच चुकलं. ठेवून घ्या. मला वाटलं होतं, मला जमेल."

बघा आता. बुवांना हवं ते सगळं पदरात पडलं होतं. सोमवार परत आला, मशीन गेलं, रविवारचे फोन बंद होणार, गोळीचे तुकडे पुन्हा त्यांच्या हाती. गप्प बसायचं, एवढंच काम होतं, आणि त्यात तर बुवा आता तरबेज झाले होते. पण 'डोळे मिटून खाते' हे काही घशाखाली उतरेना. इतके दिवस ते कशावर जळत होते? मास्तरला मिळत होता नुसता आकडा.

"सिस्टर, मशीन तिला परत द्या," बुवा म्हणाले. "पाला मी घालत होतो."

"कसला पाला?"

"पालेभाजी. वाटून. सगळ्यात. ती गोळी वाढवते म्हणाली, त्याच दिवशी मी घालायची बंद केली. बोललो नाही."

बाई हळूच म्हणाल्या, "का?"

"तू मला आकडा सांगत नव्हतीस. त्याला सांगत होतीस."

"कुणाला?"

"त्या मास्तराला."

बोलून झाल्यावर बुवांनाच ते इतकं क्षुद्र वाटलं, की कुठे तोंड लपवावं कळेना. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही.

"सूपमध्येही?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मी अजून मागितलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही वाढलंत."

बुवांनी मान हलवली. सिस्टरने मशीन उचलून बाईंच्या पिशवीत ठेवलं. "काकू, तुमचा हिशेब बरोबर होता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलंच नव्हतं की मध्ये दुसराच कुणी हात घालतोय. मी डॉक्टरांशी बोलते. मशीन तुमच्याकडेच राहील." बुवांकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

घरी येईपर्यंत बुवांनी मनाची तयारी केली होती. बोलेल, भांडेल, आदळआपट करेल, दोन दिवस अबोला धरेल. करू दे, आपण सगळं ऐकून घेऊ. बाई खुर्चीत टेकल्या, पाणी प्यायल्या. बुवांनी हात धुतले, सवयीने ओट्यापाशी गेले, गॅसवर पातेलं ठेवलं आणि जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं, "अगं, रात्रीला काय करू?"

बाई उठल्या. त्यांच्या बाजूने आत आल्या, फळीवरून एक लहान पातेलं काढलं आणि दुसऱ्या शेगडीवर ठेवलं.

"तुमच्यापुरतं करा," त्या म्हणाल्या.