मिरचीचा गुण घेतलेली केळ

मी कुंपणाआडून बोलतेय. मी एक केळ आहे, नकितेंबे जातीची. आमची कच्ची केळी पानात गुंडाळून वाफवतात, त्याला इकडे मातोके म्हणतात. कंपाला शहराबाहेरच्या एका संशोधन केंद्राच्या शेतात उभी आहे. माझ्याभोवती दुहेरी तार आहे, फाटकाला कुलूप आहे, आणि औषधाच्या पाण्यात बूट बुडवल्याशिवाय कुणाला माझ्याजवळ येता येत नाही. माणसं मला भितात. खरं सांगू? त्यांच्यापेक्षा मीच जास्त भित्री आहे.

केळीची पोर आईच्या बुडाशी मुनवा होऊन फुटते. माझं तसं झालं नाही. माझी आई न्नालोंगोच्या बागेत होती. जुळ्यांच्या आईला इकडे न्नालोंगो म्हणतात. तिचं खरं नाव आता कुणी घेत नाही. जुळ्यांच्या पाठीवर झालेली तिची मुलगी किझा. ती शिकून याच केंद्रात लागली. एकदा ती घरी आली आणि तिने आईच्या बागेतलं एक केळफूल कापून नेलं. त्या फुलाच्या कोवळ्या गाभ्यातून मी आले. तेव्हा मी रोप नव्हते. काचेच्या चंबूत हिंदकळणारा पेशींचा एक इवलासा पुंजका होते.

किझा फूल घेऊन गेली आणि मागोमाग रोग आला. पानं पिवळी पडून माना टाकू लागली, खुंट कापला की पिवळा पू गळे, घड आतून काळा पडे. न्नालोंगोने सगळी बाग स्वतःच्या हाताने तोडून पुरली. माझी आईही त्यातच गेली.

किझा हे सांगत होती तेव्हा आम्ही बहिणी चंबूत फिरत होतो. तिच्याबरोबर काम करणारा ओचेन ऐकत होता. तो सदा थट्टा करणारा माणूस.

ढोबळ्या मिरचीत या रोगाला तोंड देणारा एक गुण, म्हणजे जनुक, असतो. तो आमच्यात उतरवायचा, असं किझाच्या मनात होतं. पण पेशीच्या भिंतीतून आत जायचं कसं?

आधी बंदूक आणली. सोन्याच्या अतिबारीक कणांना तो गुण माखायचा आणि वायूच्या दाबाने ते कण आमच्यावर झाडायचे.

"किझा, आज तुझ्या केळींवर सोन्याचा पाऊस पाडतो," ओचेन म्हणाला. "आईला कळव, असा जावई शोधून सापडायचा नाही!"

"आधी बंदूक नीट धर, जावईबापू," किझा म्हणाली.

फट्‌ असा आवाज झाला. ज्या बहिणींवर नेम होता त्यांतल्या कितीतरी जागीच फाटल्या. ज्या वाचल्या त्यांच्यात तो गुण तुकड्यातुकड्यांनी घुसला होता. त्यांची रोपं खुरटली. मी बाजूच्या चंबूत होते. माझी पाळी कधी येते, याच धाकात मी वाढत होते.

माझी पाळी आली ती वेगळ्या वाटेने. मातीत एक जंतू असतो. झाडाच्या जखमेतून शिरून तो स्वतःचा गुण झाडात सोडतो आणि तिथे गाठ उठवतो. किझाने त्याच्यातला गाठ उठवणारा भाग काढून टाकला, त्या जागी मिरचीचा गुण बसवला आणि ते जंतू आमच्यात सोडले. ते चहूबाजूंनी चिकटले. आवाज नाही, धक्का नाही. आत काहीतरी सरकत आलं, बसलं, आणि परत गेलंच नाही.

मग आम्हाला औषध घातलेल्या खाण्यावर ठेवलं. मिरचीच्या गुणाला औषध पचवणारा आणखी एक गुण जोडलेला होता; ज्यांच्यात तो बसला त्यांनीच ते पचवायचं. माझ्या शेजारच्या बहिणी तपकिरी पडत गेल्या. मी हिरवी राहिले. जगले, पण जीव घाबरा झाला. आता मी आईची लेक आहे की आणखी कुणी?

रोप झाले, शेतात आले, मोठी झाले. मग एका सकाळी किझा सुई घेऊन आली. सुईत तोच रोग होता.

"थांबलीस का?" ओचेनने विचारलं.

"यानेच आमची बाग खाल्ली रे. आणि मीच तो आणून टोचतेय."

तिने माझ्या पानात सुई खुपसली. माझ्या शेजारी मिरचीचा गुण नसलेली साधी नकितेंबे होती, तिलाही टोचलं. मी रोज तिच्याकडे बघायचे. आधी तिचं एक पान लोंबलं, मग सगळीच. माझ्या पानावरही डाग पडला, करपला, पसरू लागला. आता मी जाते, असं वाटलं. पण डाग थांबला, आणि पुढे सरकला नाही. किझाने पान हातात धरलं आणि डाग पुन्हा पुन्हा मोजला.

ही बातमी ऐकून न्नालोंगो आली, पण तारेबाहेरच उभी राहिली.

"हीच का माझी नकितेंबे? मिरची घातलीस म्हणे हिच्यात. मातोके तिखट लागेल काय गं?"

"लागलं तर मिरचीचा खर्च वाचेल, न्नालोंगो," ओचेन म्हणाला.

"हसू नकोस रे मेल्या. घरात नातवंडं आहेत माझ्या. खाऊन त्यांना काही झालं म्हणजे?"

"ते अजून तपासायचंय, आई," किझा म्हणाली. "म्हणून तर घड इथेच पुरतो. कुणाला खायला देत नाही."

न्नालोंगो माझ्याकडे बघत राहिली. तिची नजर मला सुईपेक्षा खोल लागली.

त्यानंतर एका दुपारी ती लेकीसाठी डबा घेऊन आली. निंदणी चालू होती म्हणून फाटक उघडं होतं. तिने बूट पाण्यात बुडवले, आत आली, इकडेतिकडे पाहिलं आणि पडलेलं खोरं उचलून माझ्या बुडाचा मुनवा काढला. माझं पोर! ते तिने गोमेसीच्या, म्हणजे अंगातल्या पायघोळ झग्याच्या, घोळात लपवलं. मी पानं हलवली, पण वाऱ्याने हलली असंच कुणालाही वाटलं असतं.

किझाला उकरलेली माती दिसली. ती धावत गेली आणि आईला फाटकापाशी गाठलं.

"आई, कापडाखाली काय आहे?"

"काही नाही."

"आई."

न्नालोंगोने घोळ आणखी घट्ट धरला. "मला हिची भीती वाटते, पोरी. पण रिकाम्या बागेची त्याहून वाटते. मातोके वाफवायला पानसुद्धा दुसऱ्याच्या दारात मागायला जाते मी."

"हे बाहेर गेलं तर इथं कायमचं कुलूप लागेल. मला तुरुंगात टाकतील. आणि लोक म्हणतील, यांनी चोरून पेरलं. मग खरोखर चांगलं निघालं तरी कोण हात लावेल?"

"आईच्या हातातून काढून घेशील?"

किझाने घेतलं.

मागच्या खड्ड्यात तिने आग पेटवली. ओला मुनवा पेट घेईना. न्नालोंगो काठावर उभी होती. आता ती लेकीला शाप देणार, असं मला वाटलं. पण तिने काठी उचलली आणि निखारे पुढे लोटले.

"नीट जाळ. अर्धवट राहिलं तर पुन्हा फुटतं. केळ अशी मरत नाही."

आता चाचणी संपली आहे. नियमाप्रमाणे उद्या मलाही तोडतील, जाळतील, पुरतील. फाटकापाशी ओचेन कोयत्याला धार लावतोय. आत एका चंबूत माझ्या काही पेशी अजून फिरताहेत. त्यांना परवानगी मिळेल का, कधी मिळेल, मला ठाऊक नाही. वाचकहो, त्या कधी तुमच्या दारी आल्याच तर खुशाल भ्या. फक्त भिऊन पळू नका. जवळ येऊन खडसावून विचारा, न्नालोंगोने विचारलं तसं.

आज ती आली होती. फाटक उघडं होतं.

"ये ना आत, शेवटचं बघून घे," किझा म्हणाली.

न्नालोंगो तारेपाशीच थांबली. दोन्ही हात तिने पाठीमागे घट्ट धरले होते.

"नको गं. या हातांचा मला भरवसा नाही."