टेबलावर टकटक करणारे ग्रीक

मी टेबल बोलतोय. कान जवळ आणा, पण ग्लास माझ्या काठावर ठेवू नका. का, ते शेवटी कळेल.

जन्माने मी ओक. जंगलात होतो तेव्हा सरळ होतो, सुताराच्या हाती लागलो आणि वाकडा झालो. चौथा पाय त्याने आखूड केला. मालकाने विचारलं तर म्हणाला, "टेबल बरोबर आहे, तुमची फरशी चुकली आहे." तेव्हापासून मी डुलतो. लोक म्हणतात खोड आहे. मी म्हणतो कला आहे.

जर्मनीतल्या श्वाबेन प्रांतातल्या आमच्या गावच्या खानावळीत, शेगडीजवळच्या कोपऱ्यात, मी उभा राहिलो. मी कुणाही येणाऱ्याजाणाऱ्याचा नव्हे. मी रोजच्या मंडळींचा. माझ्या डोक्यावर पितळी पाटी असायची, आणि चुकून एखादा परका माझ्याशी बसला तर अख्खी खानावळ अशी बघायची की बिचारा बियर अर्धी टाकून उठायचा. रोजची मंडळी आली की एकेकाशी हात मिळवत बसत नाहीत. बोटांची पेरं वळवून माझ्यावर दोनदा टकटक करतात, की झाला सगळ्यांना नमस्कार. म्हणजे बघा, नमस्कार एकमेकांना आणि गुद्दे मला!

माझं शिक्षण अर्धवट झालं, त्याचं कारण ओटमार. ओटमार पोस्टात शिक्के मारायचा. पेन्शनीत निघायच्या कितीतरी आधीपासून तो दुपारी माझ्या डाव्या बाजूला बसून कादंबऱ्या लिहायचा. सगळ्या ग्रीसच्या. डोंगर, लुटारू, खिंडी, मेंढरं, आणि एक देखणा सरदार. सवय शिक्के मारायची, त्यामुळे पेनही असं दाबायचा की निम्मी कादंबरी कागदातून माझ्या पाठीवर उमटायची. तेवढीच मी वाचली. उरलेली निम्मी छापखान्यात गेली.

"तरुणपणी दोन वर्षं काढलीत मी ग्रीसमध्ये," असं तो सगळ्यांना सांगायचा. तो असं म्हणाला की मी हमखास डुलायचो आणि बियर त्याच्या मांडीवर. खरं काय ते मला माहीत होतं. ओटमार जवळच्याच उल्म शहराच्या पलीकडे कधी गेला नव्हता, आणि उल्मलाही त्याला सर्दी झाली होती. त्याचा ग्रीस आला होता परदेशी पाकिटांवरच्या तिकिटांतून आणि अंजिरांच्या एका डब्याच्या झाकणावरून. झाकणावर निळा समुद्र, पांढरे खांब, खांबाला टेकलेली एक बकरी. त्या एका बकरीवर त्याने नऊ पुस्तकं काढली!

गावाला मात्र अभिमान. खाटीक ओइगेन प्रत्येक पुस्तक दुकानात हॅमच्या शेजारी मांडायचा. दाताचा डॉक्टर लुडगर दात उपटताना त्यातले उतारे म्हणायचा. मालकीण वाल्बुर्गाबाई "मला वेळ कुठाय वाचायला" म्हणायच्या आणि स्वयंपाकघरात चोरून वाचायच्या. पानांना कांद्याचा वास यायचा, त्यावरून मला कळायचं.

मग ओटमारची सत्तरी आली. साठचं दशक चालू होतं. घड्याळांच्या कारखान्यात दूरदूरच्या देशांतून कामगार यायला लागले होते. त्या संध्याकाळी ओटमार नव्या पुस्तकातलं प्रकरण वाचणार होता. खानावळ भरलेली. ओइगेन आला, माझ्यावर टकटक केली आणि मागून एका तरुणाला असा पुढे ढकलला जणू कोवळं वासरू विकायला आणलंय.

"ओटमार, ही तुझी भेट! अस्सल ग्रीक! लेफ्तेरिस नाव. माझ्या दुकानावरच्या खोलीत राहायला आलाय, आपली भाषाही छान कळते त्याला. आता बघू, आमच्या ओटमारला ग्रीस कसा पाठ आहे ते!"

ओटमारचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. मी चेष्टेखोर खरा, पण तेव्हा माझ्याही गाठी आवळल्या. या माणसाला ना बायको ना मूल. माझी डावी बाजू हेच त्याचं घर. खोटारडा ठरला तर उद्यापासून इथे येऊन टकटक कोणत्या तोंडाने करणार? ठरवलं, वाचवायचं याला. बियर सांडून कागद भिजवावे म्हणून जीव खाऊन डुललो. नेम चुकला. बियर लुडगरच्या मांडीवर.

"या टेबलाला एकदा चुलीत घालायला हवं," लुडगर म्हणाला. उपकाराची ही अशी फेड!

ओटमार वाचू लागला. "सरदार कॉफीच्या दुकानात शिरला. त्याने बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा टकटक केली. प्राचीन काळापासून ग्रीक लोक असाच नमस्कार करत आले आहेत."

लेफ्तेरिसच्या नाकातून फुर्र असा आवाज आला.

"काय रे?" ओइगेन म्हणाला. "बरोबर आहे ना? टकटकतात ना तुमच्याकडे?"

सगळी खानावळ त्याच्याकडे बघू लागली. लेफ्तेरिसने ओटमारकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम. पोरगं दिलदार निघालं.

"पुढे वाचा ना साहेब," तो म्हणाला. "मजा येतेय."

ओटमारने श्वास सोडला, मीही सोडला. पण पुढचा परिच्छेद होता जाड्या मेंढपाळाचा, जो स्वतःचं ताट संपवून बोलता बोलता शेजाऱ्याच्या ताटात काटा घालतो. त्याच पानावर एक पाद्री आणि एक खानावळवालीही होती, पण मेंढपाळ गावाचा लाडका. ओइगेन तर दर पुस्तकात त्याला हसून हसून जांभळा व्हायचा. आताही हसत होता. आणि हसता हसता त्याचा काटा लुडगरच्या ताटातल्या सॉसेजमध्ये घुसला होता.

लेफ्तेरिसने काटा बघितला, ओइगेनला बघितलं, आणि टाळी वाजवली. "अरे! हे तर तुम्हीच, ओइगेनसाहेब! आणि हसणाऱ्याच्या तोंडात वाकून दात बघणारा तो पाद्री म्हणजे हे डॉक्टर! आणि रागावली की उजवी भुवई वर नेणारी ती खानावळवाली..."

वाल्बुर्गाबाईंची उजवी भुवई वर गेली.

शेगडीतलं लाकूडसुद्धा तडतडायचं थांबलं. लेफ्तेरिस गडबडला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे!"

तीस वर्षं, महाराज! तीस वर्षं ही मंडळी स्वतःला हसत होती आणि म्हणत होती, काय तरी बाई ते ग्रीक!

"त्या खानावळवालीला मिशा आहेत," वाल्बुर्गाबाई सावकाश म्हणाल्या.

"मिशा नाहीत," ओटमार पुटपुटला. "सावली आहे. ओठावर सावली असं लिहिलंय."

ओइगेनने काटा खाली ठेवला. "म्हणजे अख्खा बोकड खाणारा तो मी?"

"तू."

"झोपेत लोळून डोंगरावरून पडणारा?"

"तूच रे बाबा."

ओटमारने कागद गोळा करायला घेतले. टोपीकडे हात गेला. संपलं, असं मला वाटलं. ओइगेन मात्र कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवत होता.

"थांब. तिसऱ्या पुस्तकात तो पडतो ते लुटारूंच्या अंगावर. आणि गाव वाचतं."

"वाचतं."

ओइगेन उठून उभा राहिला. छाती अशी फुगली की बंडीचं बटण उडून माझ्यावर पडलं. "ऐकलंत का? मी ग्रीस वाचवलाय!"

आणि मग जो हशा झाला! लुडगर सवयीने एकेकाच्या तोंडात वाकून बघू लागला आणि लोक जास्तच हसले. "पण काय रे," डोळे पुसत त्याने विचारलं, "ग्रीसला गेला होतास तरी कधी?"

"उल्मला गेलो होतो," ओटमार म्हणाला.

पुन्हा हशा. तो ओसरल्यावर वाल्बुर्गाबाई कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "सगळे सापडले. मग तो देखणा सरदार कोण, जो नऊ पुस्तकं झाली तरी त्या मिशीवालीच्या खानावळीचं दार सोडत नाही?"

ओटमारचं टक्कल लाल झालं. वाल्बुर्गाबाईंची भुवई खाली आली.

"सावली म्हणे," त्या पुटपुटल्या, आणि त्याच्यासमोर न मागता सूपचा वाडगा ठेवला.

लेफ्तेरिस म्हणाला, "दुसऱ्याच्या ताटात काटा घालणारा आमच्या गावातही आहे. माझा मामा. दात बघणाराही आहे. सगळं बरोबर लिहिलंय साहेबांनी, फक्त ती टकटक नाही. आम्ही छातीवर हात ठेवतो." मग जाताना त्याने छातीवर हात ठेवला, थोडा थांबला, आणि माझ्यावर दोनदा टकटक केली. परक्याने केलेली पहिलीच टकटक ती. मी डुललो नाही. वाल्बुर्गाबाई म्हणाल्या, "उद्या हीच खुर्ची तुझी."

उन्हाळ्यात तो घरी जाऊन आला. गावच्या कॉफीच्या दुकानात त्याने सांगितलं, की जर्मन लोकांच्या पुस्तकात आपण असा नमस्कार करतो. म्हातारे हसून लोळले. दुसऱ्या दिवशी मामा आत आला आणि मुद्दाम टेबलावर टकटक केली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी. ती खोड तिकडे रुजलीच.

ओटमार आणि वाल्बुर्गाबाईंनी लग्न केलं आणि हनिमूनला गेले तिकडेच. पुढचं बाईंनी परत येऊन सांगितलं. ओटमार दबकत त्या दुकानात शिरला. डझनभर म्हाताऱ्यांनी मान न उचलता टकटक केली. ओटमार बायकोकडे वळला, नाक वर करून म्हणाला, "बघ! सांगितलं नव्हतं?"

आता ते दोघं नाहीत. ओइगेन, लुडगरही गेले. खानावळ लेफ्तेरिसची आहे. तोही म्हातारा झालाय. गिऱ्हाइकांना ग्रीस ओळखू यावा म्हणून त्याने प्लास्टरचे पांढरे खांब उभे केलेत आणि एका खांबाला बकरी टेकवली आहे. त्याच्या गावात असं काहीच नाही म्हणतो. मला निळंपांढरं कापड नेसवलंय, खाली ओटमारची अक्षरं अजून आहेत. नवा सुतार पाय सारखा करायला आला होता. लेफ्तेरिसने त्याला हाकलला.

तुमच्या मुलखाबद्दल दूरच्या कुणी काहीबाही लिहिलं तर चिडू नका. लिहिणाऱ्याच्या शेजारचा खाटीक त्यात कुठे दडलाय, तो शोधा. सापडला की या इकडे, दोनदा टकटक करा, बसा आणि सांगा.

ग्लास मात्र काठावर... घ्या! सांगितलं होतं ना?