पालकांच्या विनंतीवरून

शाळेला साठ वर्षं झाली, म्हणून तिचा इतिहास लिहायचं काम गणिताच्या निवृत्त बाईंच्या गळ्यात पडलं. मुलींची खाजगी शाळा. दहावीचा निकाल सलग बावीस वर्षं शंभर टक्के. हा आकडा मुखपृष्ठावरच हवा, असं मुख्याध्यापिकेनं बजावलं होतं.

जुनी रजिस्टरं चाळताना बाईंचा हात थांबला. दर वर्षी परीक्षेचे अर्ज भरायच्या तोंडावर पाच-सहा मुलींचे दाखले काढलेले. शेरा एकच: 'पालकांच्या विनंतीवरून.' वर्गशिक्षिका म्हणून अक्षर आणि सही बाईंचीच. विनंती कुणी केली होती? कच्च्या मुलींच्या आईबापांना बोलावून "हिच्याच्यानं होणार नाही, नापासाचा शिक्का बसण्यापेक्षा काढून घ्या" असं बाईच सांगायच्या.

त्यातली एक शिंप्याची मुलगी. वर्गात तिला सगळे चिमणी म्हणत. सराव परीक्षेत गणितात एकतीस; पस्तीसला पास.

दुसऱ्या दिवशी बाई तिच्या घरी गेल्या. आईनं ओळखलं, लगबगीनं खुर्ची पुसली.

"चिमणी? ती गेली की, बाई. सात वर्षं झाली. शाळा सुटली तशी सूतगिरणीत लागली. छातीत धूळ बसली, खोकून खोकून जीव गेला." मग म्हणाली, "एक विचारू? परीक्षेला बसली असती तर झाली असती का हो पास?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"झाली असती," बाई म्हणाल्या. "चारच मार्कांचा प्रश्न होता. मी महिनाभर बसवून शिकवायला हवं होतं."

आईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "मी तिलाच बोल लावत आले हो. मठ्ठ, बिनडोक. शेवटच्या दुखण्यातसुद्धा." मग तिनं दाराकडे बोट केलं. "जा तुम्ही."

बाईंनी सगळं लिहून काढलं, एकशे अठरा नावांसकट.

"स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला?" मुख्याध्यापिका म्हणाली. "सह्या तुमच्याच आहेत."

"म्हणूनच लिहिलंय."

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर सोनेरी 'शंभर टक्के', खाली लेखिका म्हणून बाईंचं नाव. ते प्रकरण तेवढं आत नव्हतं.

हाताने लिहिलेली पानं घेऊन बाई पुन्हा शिंप्याच्या घरी गेल्या. आत शिवणयंत्र चालू होतं. कडी वाजवल्यावर ते थांबलं. बाई बराच वेळ उभ्या होत्या. दार काही उघडलं नाही.