सोळाव्या लेण्यातली बायको

गयास गाइडने बॅटरीचा उजेड भिंतीवरच्या राजकन्येच्या चेहऱ्यावर धरला, तशी दगडाबाई दोन पावले पुढे सरकली.

“मान कशी पडली बघा,” गयास सांगू लागला. “नवरा भिक्षू झाला, घरी नुसता मुकुट परत आला. तो बघूनच हिनं प्राण सोडला.”

वारसा दिन म्हणून अजिंठ्याला त्या दिवशी तिकीट नव्हते आणि माहिती सांगायला गाइडही फुकट होता. शेजारच्या आशाबाईने दगडाबाईला शहरातल्या गारखेड्याहून जवळजवळ ओढतच एसटीत घातले होते. दगडाबाईचा नवरा पुंजाराम याच लेण्यांत उभा जन्म गाइड होता. तो गेला हिवाळ्यात, आणि अजून बाईच्या डोळ्यातून टिपूस आले नव्हते. गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. लोकांचे काय, रडले तर सोंग आणि नाही रडले तर दगड. पण आता तिलाच स्वतःची भीती वाटू लागली होती. आत सगळे बधिर झाले होते. इथे तरी रडू येईल, एवढ्याच आशेवर ती आली होती.

लेणी तिने कधी पाहिलीच नव्हती. पुंजाराम फर्दापूरला खोली करून राहायचा. सोमवारी लेणी बंद, म्हणून सोमवारी तो घरी. मग तिने बघायची कधी? घरी आला की जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. दिवसभर बडबडणाऱ्याकडे घरासाठी शब्द उरत नसतील, अशी तिने मनाची समजूत घातली होती. त्याच्या सोबतचे कुणी तिने पाहिले नव्हते. मातीलाही इथला कुणी आला नव्हता.

“आमच्या उस्तादांचं बी असंच झालं,” गयासने आवाज खाली आणला. “पुंजारामभाऊ. त्यांच्याकडंच शिकलो मी. त्यांची बायको शहरात एकटी वाट बघायची, आन् हे इथं लोकांला दुसऱ्याच्या बायकोचं दुःख सांगत बसायचे. एका सोमवारी घरी गेले, तर ती खलास.”

घोळक्यात कुणी चुकचुकले. एका परगावच्या बाईने डोळ्यांना रुमाल लावला. आशाबाई संतापून काही बोलणार, तोच दगडाबाईने तिचे मनगट दाबले.

“कशानं गेली?” तिने विचारले.

“वाट बघून, मावशी. दुसरा आजार नव्हता.”

“सांगताना रडायचे का ते?”

“लई. आधी वाटलं, पब्लिकसाठी करतात. पण लोक पुढच्या लेण्यात गेले तरी हे इथंच भिंतीपाशी बसून रडायचे. मीच हाताला धरून उठवायचो.”

दगडाबाईने पुन्हा राजकन्येकडे पाहिले. उभ्या संसारात तिने त्याच्या डोळ्यात पाणी पाहिले नव्हते. त्याला सगळे कळत होते तर. तिला त्या मेलेल्या बायकोचा हेवा वाटला. डोळे मात्र कोरडेच राहिले.

“सांग की त्याला, तू जित्ती हाईस म्हणून!” आशाबाई कानाशी फणफणली.

“राहू दे. मेलीसाठी का व्हईना, रडला तर खरं.”

रुमालवाल्या बाईला आता हुंदके आवरत नव्हते. दगडाबाई तिच्याजवळ गेली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

“उगी, बाई,” ती म्हणाली. “तिला लई तरास नाय झाला.”